बेगमीला ‘मेलेलं अन्न’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

पावसाची पहिली सर आली की व्हॉट्सअॅपवर एक लांबलचक मजकूर हमखास उगवतो: ‘फ्रीजरमधलं अन्न म्हणजे मेलेलं अन्न’. यंदा तो नात्यातल्या, वाड्यावरच्या आणि भजनी मंडळाच्या अशा सगळ्या गटांत फिरतोय. थोडक्यात त्याचं म्हणणं असं. आपले पूर्वज रोजचं ताजंच खात, साठवणीचं खाणं फ्रिजबरोबर आलं. गोठवलं की अन्नातलं सत्त्व मरतं. शिजवून तीन तास झालेलं अन्न तामसिक, म्हणून विषारी. एकदा वितळलेलं पुन्हा गोठवणं म्हणजे जिवाशी खेळ. वीज गेली तर फ्रीजर सरळ रिकामा करा. मळलेली कणीक फ्रिजमध्ये ठेवली की तिचा पिंड होतो आणि घरात भुतं येतात. आणि शेवटचा टोला: कपाटात, फ्रीजरमध्ये असेल त्यातून जेवण उरकणं हे आळशी बाईचं लक्षण. खाली जोडलेले हात आणि ‘दहा जणांना पाठवा’.

दहा जणांना पाठवण्याआधी जरा बसून बघू.

सुरुवात पूर्वजांपासून, कारण हा मजकूर लिहिणाऱ्यानं गोव्यात एकही पावसाळा काढलेला नाही हे इथंच उघडं पडतं. मे महिन्यात म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात एक चक्कर मारा. सुके बांगडे, सुकी सुंगटं (कोळंबी), गालमो (जवळा) यांचे ढीग, कांद्याच्या माळा, सोलां (कोकम), चिंचेचे गोळे, काणकोणच्या बाजूची खोला मिरची, दोरीला लटकलेले चोरिस (गोव्याचे सॉसेज). मडगावला होली स्पिरिट चर्चच्या परिसरात याच सुमाराला पुरुमेंताचं, म्हणजे बेगमीचं, फेस्त भरतं. त्या फेस्तात माणसं पावसाचे महिने निभतील एवढं सामान भरायला येतात. हिंदू घरात त्याच दिवसांत बरणीत खारातले तोर (कच्चे आंबे) पडतात, फणसाचे गरे मिठात जातात, साठां (आंब्याच्या पोळ्या) उन्हात वाळतात, कुळीथ आणि अळसाणे (चवळीचा एक प्रकार) डब्यात भरले जातात. देव वेगळे, बेगमी एकच.

ही हौस नव्हती. पावसात दर्या खवळलेला, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, घरातली सगळी माणसं शेतात. आज यांत्रिक मासेमारीवर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची सरकारी बंदी असते, पण दर्यानं ती पूर्वीपासूनच घातलेली होती. तेव्हा ‘पूर्वज रोजचं ताजं खात’ हे वाक्य निदान मांडवी-झुवारीच्या काठी तरी कोणी उच्चारू नये. वर्षातले तीन-चार महिने पूर्वज मीठ, ऊन आणि आंबट यांच्या जोरावर जेवले.

आणि त्यामागची युक्ती काय होती? जिवाणूंना वाढायला पाणी लागतं. मीठ ते ओढून घेतं, ऊन ते उडवून टाकतं. फ्रीजर ते बर्फात कोंडून ठेवतो. उणे १८ अंशांना जिवाणू मरत नाहीत, पण वाढतही नाहीत. फ्रीजर म्हणजे बेगमीच्या बरणीचं विजेवर चालणारं धाकटं भावंड, एवढंच. ज्याला खारे बांगडे चालतात त्याला गोठवलेली सुंगटं ‘मेलेली’ का वाटावीत, हे मला उमगत नाही. (मासा तसाही मेलेलाच असतो, हे भजनी मंडळाच्या गटात लिहायचा मोह मी आवरला.)

आता सत्त्वाचं. प्रथिनं, लोह, कॅल्शियम, तंतू यांना थंडीनं काही होत नाही. ज्याची खरी काळजी करावी ते ‘क’ जीवनसत्त्व. ते पाण्यात विरघळतं, उष्णतेनं जातं आणि नुसतं ठेवून दिलं तरी घटत राहतं. म्हणजे भाजी तोडली त्या घटकेपासून त्याची गळती सुरू. गोठवायचे मटार शेतातून काढले की लगेच उकळत्या पाण्यातून काढतात, त्यामुळे त्यांच्यातली विकरं (एन्झाइम) थांबतात. त्या वेळी थोडं ‘क’ पाण्यात जातं खरं, पण उरलेलं बर्फात बरंचसं टिकतं. उलट बेळगावहून ट्रकमधून आलेली, दुकानात दोन दिवस पडलेली, मग आपल्या ओट्यावर आणखी एक दिवस मरगळलेली पालेभाजी ‘ताजी’ ठरते. परसातली तांबडी भाजी उपटून तासाभरात कढईत टाकणार असाल तर तिला तोड नाही, वादच नको. पण मजकुरातली तुलना त्या भाजीशी नाही, बाजारातल्या भाजीशी व्हायला हवी.

मासळीचंही तेच. बंदीच्या काळात बाजारात दिसणारी बरीचशी ‘ताजी’ मासळी परराज्यातून बर्फात बसून आलेली असते. २०१८ च्या जुलैत फॉर्मेलिनचा गदारोळ झाला आणि सरकारनं बाहेरून येणारी मासळी काही दिवस थांबवली, ते आठवत असेल. मे महिन्यात किनाऱ्यावरून घेतलेली, त्याच दिवशी साफ करून गोठवलेली मूठभर सुंगटं त्या ‘ताज्या’पेक्षा कुठं कमी पडतात?

एक मर्यादा मात्र मान्य करायला हवी, आणि ती मजकुरात नाही. गोठवणं म्हणजे अमरपट्टा नव्हे. तारले, बांगडे यांसारख्या तेलकट मासळीचं तेल फ्रीजरमध्येही हळूहळू खवट होतं. दोन-तीन महिन्यांत ती संपवावी. सुंगटं जास्त टिकतात. आणि एका दाराच्या जुन्या फ्रिजमधला बर्फाचा कप्पा म्हणजे फ्रीजर नाही. त्यात बर्फ जमतो, पण उणे १८ चा भरवसा नसतो. तिथं आठवड्याचा हिशोब ठेवावा, महिन्यांचा नको.

तीन तासांच्या मुद्द्याला मजकुरात गीतेचा हवाला आहे. सतराव्या अध्यायातल्या त्या श्लोकात कोणत्या वृत्तीच्या माणसाला कसलं अन्न आवडतं हे सांगितलंय; विषबाधेबद्दल त्यात अवाक्षर नाही. तरी शब्दशः घ्यायचंच म्हटलं तर चवथीच्या नेवऱ्यांचं (करंज्यांचं) काय करायचं? त्या चतुर्थीच्या आधी तळून डब्यात भरतात आणि पाहुणे आले की आठवडाभर निघत राहतात. त्यांना कोणी तामसिक म्हटल्याचं ऐकिवात नाही. नैवेद्य ताजाच असावा, ही रीत आहे आणि ती पाळणाऱ्यांशी माझं भांडण नाही. रीत आणि विष यांची गल्लत नको, इतकंच.

आणि कालची कढी? रात्रीचं हुमण, म्हणजे माशाची कढी, उरलं की झोपण्याआधी त्याला एक उकळी काढायची. सकाळी मातीच्या कुंडल्यात ते मंद आचेवर पुन्हा आटवायचं. रस दाट होतो, कडेला तेल सुटतं, सोलांचा आंबटपणा खोबऱ्यात मुरतो आणि तळाशी थोडं करपट धरू लागतं, तेव्हा उतरवायचं. मग उकड्या तांदळाच्या पेजेबरोबर नाहीतर पोदेराच्या (पाववाल्याच्या) पावाबरोबर. गोव्यात देवळाजवळचं घर असो की चर्चजवळचं, या एका पदार्थावर एकमत आहे: आदल्या दिवशीपेक्षा तो दुसऱ्या दिवशी चांगला लागतो. तीन तासांचा नियम लावला तर अख्ख्या गोव्याची न्याहारी बेकायदा ठरेल.

पण इथं मजकुराच्या बाजूनं एक गोष्ट सांगतो, कारण ती खरी आहे आणि त्यानं सांगितलेली नाही. भात. तांदळात एका जिवाणूचे बीजाणू असतात, ते शिजवूनही तग धरतात. शिजलेला भात आपल्या दमट हवेत रात्रभर ओट्यावर राहिला तर ते वाढतात आणि विष सोडतात, आणि ते विष पुन्हा गरम करून जात नाही. म्हणून उरलेला भात पसरट भांड्यात लवकर निववून तास-दोन तासांत फ्रिजमध्ये जायला हवा. म्हणजे घोटाळा ‘तीन तास झाले’ यात नाही. ते तास कुठे गेले यात आहे. साधारण ५ ते ६० अंशांच्या मधे अन्न रेंगाळलं की धोका. कालची कढीही आता घरात फ्रिज आहे तर रात्री त्यातच ठेवावी, सकाळी कुंडल्यात ओतावी. चवीत फरक पडत नाही.

पुन्हा गोठवण्याचा मुद्दा अर्धवट ऐकून लिहिलेला आहे. फ्रिजच्या खालच्या कप्प्यात वितळलेली वस्तू पुन्हा गोठवली तर ती सुरक्षित असते. अमेरिकेच्या कृषी खात्याची सूचनाही तशीच आहे. पोत बिघडतो, मासा थोडा पिठूळ होतो, पाणी सुटतं. जीव जात नाही. ओट्यावर दुपारभर वितळत ठेवलेली वस्तू मात्र पुन्हा गोठवू नये, खरं तर खाऊही नये. म्हणून संध्याकाळी लागणारी सुंगटं सकाळीच खालच्या कप्प्यात उतरवावीत. विसरलात तर पिशवी घट्ट बांधून गार पाण्यात बुडवा, अर्ध्या-पाऊण तासात काम होतं. हुमणात तर गोठलेली तशीच टाकली तरी चालतात, उकळी यायला जरा वेळ लागतो.

जिवाशी खरा खेळ कुठं होतो ते सांगतो. बांगडा, तारलो, कुपा (ट्यूना) या मासळीत हिस्टिडीन नावाचं द्रव्य भरपूर असतं. मासळी गरम राहिली की जिवाणू त्याचं हिस्टमिन करतात. मग तोंड लाल होतं, अंगावर गांधी उठतात, खाज, डोकेदुखी. लोक म्हणतात ‘मासळी बाधली’. हे हिस्टमिन एकदा तयार झालं की तळून जात नाही, उकळून जात नाही, गोठवूनही जात नाही. बाजारातून बांगडे घेऊन स्कूटरच्या डिकीत टाकायचे, वाटेत बँकेचं काम करायचं, मग चहा घ्यायचा आणि घरी येऊन फ्रीजरला दोष द्यायचा, हा तो खेळ. मासळी शेवटी घ्यावी, बर्फ मागून घ्यावा, घरी येताच साफ करून एका जेवणापुरत्या चपट्या पिशव्यांत भरून गोठवावी. चपट्या यासाठी की लवकर गोठतं आणि लवकर वितळतं. वर तारीख घालावी. ‘मे, सुंगटां’ एवढं पेननं लिहिलेलं पुरतं.

वीज जाण्याचं भय आम्हाला मजकुरानं शिकवायला नको. जूनमध्ये फांदी पडली की आमची रात्र काळोखातच जाते. पण ‘सगळं फेका’ हा सल्ला शुद्ध नासाडीचा. चांगला भरलेला फ्रीजर दार न उघडल्यास साधारण ४८ तास गार राहतो, अर्धा भरलेला २४ तास. खालचा फ्रिज मात्र चारेक तासच. तेव्हा आधी खालचं संपवा आणि ‘बघू तरी’ म्हणून वरचं दार उघडू नका. वीज आल्यावर वस्तूत बर्फाचे कण शिल्लक असतील तर ती पुन्हा गोठू द्यावी. घरी नसताना किती वेळ वीज गेली कळावं म्हणून एक सोपा उपाय: वाटीत पाणी गोठवून वर एक नाणं ठेवावं. परत आल्यावर नाणं तळाशी दिसलं तर मधे सगळं वितळून गेलं होतं असं समजावं आणि तेव्हा खुशाल फेकावं.

कणकेच्या भुतांबद्दल: मळलेली कणीक फ्रिजमध्ये दिवस-दोन दिवस राहते, मग काळपट पडते आणि आंबूस वास येतो. भूत येत नाही.

राहिला आळशी बाईचा टोला. त्याला शास्त्र लागत नाही, स्वयंपाक लागतो. घरात जे आहे त्यातून जेवण उभं करायला आधी घरात काय आहे हे डोक्यात असावं लागतं, आणि ते आळशी माणसाच्या डोक्यात नसतं. सोमवारी शिवराक (शाकाहारी) जेवण आहे, बाहेर धो धो पाऊस, भाजीवाली आलेली नाही. आधीच कधीतरी जास्तीचे भिजवून, शिजवून ठेवलेले अळसाणे फ्रीजरमध्ये आहेत; कडधान्य शिजवून गोठवून ठेवणं ही फ्रीजरची सर्वांत मोठी सोय आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. खोवलेलं खोबरं आहे, कपाटात धणे, मिरी, सुकी मिरची, सोलां. कांदा आणि खोबरं लालसर भाजा, मसाल्याबरोबर बारीक वाटा, अळसाण्यांत घाला, दोन सोलां टाका. तोंडाक (कालवण) झालं. तेवढ्यात कुकरला भात होतो.

मंगळवारी सुक्या सुंगटांची किसमूर. डोकी-शेपट्या खुडून सुंगटं तव्यावर मंद आचेवर भाजायची, बोटांत चुरली जातील इतकी कुरकुरीत. फ्रीजरमधलं खोबरं वितळलं की ओलसर असतं, ते तसंच घातलं तर किसमूर मऊ पडते; म्हणून त्याच तव्यात मिनिटभर कोरडं परतून घ्यायचं. बारीक चिरलेला कांदा, तिखट, मीठ, चिंचेचा दाट कोळ, वरून खोबरेल तेलाचे चार थेंब. सुंगटं मात्र पानं मांडल्यावरच मिसळायची. आधी मिसळून ठेवाल तर चव राहते, कुरकुरीतपणा जातो, आणि मग घरातली मंडळी त्याबद्दल जे बोलतात ते कुठल्याही फॉरवर्डपेक्षा जास्त लागतं.