बबलगमच्या फॉरवर्डमधली हवा

गेले काही दिवस एक मेसेज शाळेच्या ग्रुपवरून सोसायटीच्या ग्रुपवर उड्या मारतोय. १९२८ साली अमेरिकेतल्या एका कारकुनाला चुकून बबलगम सापडलं, त्याने पेटंट घेतलं आणि रातोरात कोट्यधीश झाला; मुलांना भुलवायला गुलाबी रंग मुद्दाम निवडला; आणि बबलगम गिळलं तर सात वर्षं आतड्याला चिकटून बसतं. खाली तात्पर्य: ‘डोकं नको, नशीब हवं.’ मला तो भाच्याने पाठवला, हात जोडून.

साल बरोबर आहे. बाकीचं बघू.

‘चुकून सापडलं.’ तो कारकून म्हणजे वॉल्टर डीमर, फिलाडेल्फियातल्या फ्लिअर कंपनीत हिशेब लिहिणारा, तेव्हा २३ वर्षांचा. हा शोध अपघाताने लागला असं तो स्वतःही म्हातारपणी सांगायचा, हे मान्य. पण अपघात व्हायला आधी रस्त्यावर असावं लागतं. फुगा येणारं गम बनवायची या कंपनीची धडपड जुनी होती. मालक फ्रँक फ्लिअरने १९०६ मध्येच ‘ब्लिबर-ब्लबर’ करून पाहिलं होतं. फुगा यायचा, पण फुटून तोंडाला चिकटला की सुटता सुटत नसे. ते बाजारात गेलंच नाही आणि फ्लिअर १९२१ मध्ये वारला. पुढे डीमर फावल्या वेळात मिश्रणं करून बघत बसायचा. त्यातलं एक कमी चिकट निघालं आणि जास्त ताणलं गेलं. याला नशीब म्हणायचं तर आमच्या आजीच्या पुरणपोळीलाही म्हणावं लागेल.

गमचा फुगा पहिल्या मिनिटात नीट येत नाही, हे लहानपणी सगळ्यांनी अनुभवलंय. साखर असेपर्यंत गम भुसभुशीत असतं, ताणलं की तुटतं. चावून चावून गोडी गेली, की उरलेला रबरी गोळा जिभेवर पसरून फुंकायचा. आम्ही तर गोडी संपल्यावर खरा खेळ सुरू करायचो. चिवट हवं पण चिकट नको, हा तोल साधायलाच कंपनीची २२ वर्षं गेली.

‘गुलाबी रंग मुद्दाम.’ छे. मिश्रणाचा रंग अगदीच मळकट होता आणि डीमरच्या हाताशी खाण्याचा रंग होता तो गुलाबी. तो घातला. नंतर इतरांनी त्याचीच नक्कल केली, म्हणून आज ‘बबलगम पिंक’ नावाची छटा आहे.

‘कोट्यधीश झाला.’ मला सगळ्यात खटकलं ते हे. टॅफी गुंडाळायच्या यंत्रावर डीमरने शंभर वड्या गुंडाळल्या आणि जवळच्या एका दुकानात ठेवल्या. एक सेंटला एक. त्याच दिवशी संपल्या. कंपनीने नाव ठेवलं ‘डबल बबल’ आणि विक्रेत्यांना फुगा फुगवायला शिकवलं ते डीमरनेच. दुकानदारासमोर फुगवून दाखवला की माल खपायचा. पहिल्या वर्षी विक्री १५ लाख डॉलरच्या वर गेली. डीमरच्या नावावर मात्र ना पेटंट, ना वडीमागे एक छदाम. तो तिथेच नोकरी करत राहिला आणि वरिष्ठ उपाध्यक्षपदापर्यंत चढला. पगारदार माणूस. ब्रँडचे मालक तेवढे बदलत गेले. २००४ पासून तो टूट्सी रोल या अमेरिकी गोळ्या-चॉकलेटच्या कंपनीकडे आहे.

सात वर्षांचं उत्तर छोटं आहे. गमचा रबरी भाग पचत नाही, हे खरं. पण चिंचोका गिळला तर जसा दोन-चार दिवसांत बाहेर पडतो, तसाच तोही पडतो. लहान मुलाने वड्यांमागून वड्या गिळल्या तर क्वचित आतडं तुंबतं, म्हणून गिळू नये, एवढंच.

आणि तो ‘कोट्यधीश’? म्हातारपणी पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टरमध्ये मोठ्या तीनचाकी सायकलवरून फिरायचा आणि भेटेल त्या पोराला बबलगम वाटायचा. १९९८ मध्ये, ९३ व्या वर्षी गेला.