याला नारळ देऊन भागणार नव्हतं

(स्पॉयलर आहेत. पण ‘गेम ऑफ थ्रोन्स’ ही इंग्रजी मालिका एवढ्या वर्षांत बघितली नसेल तर त्याला मी काय करू?)

२९ एप्रिल २०१९, सोमवार. ठाण्यात लोकसभेचं मतदान, म्हणून सुट्टी. आठव्या सीझनचा तिसरा भाग सकाळी साडेसहाला हॉटस्टारवर येणार होता, आणि सहा वाजता मी आणि दादा हॉलच्या खिडकीवर सोलापुरी चादर ताणत होतो, कारण आमच्याकडे सकाळचं ऊन थेट टीव्हीवर पडतं. चादर लावूनही काही दिसेना. आई चहा घेऊन आली, जरा वेळ उभी राहिली आणि म्हणाली, “टीव्ही गेला की काय रे?”

गेला नव्हता. तो भागच तसा काळाकुट्ट होता. ८२ मिनिटांचा, ५५ रात्री जागून शूट केलेला. छायाचित्रकार फॅबियन वॅगनर यांनी नंतर सांगितलं की लोकांना टीव्हीचं सेटिंगच नीट जमत नाही. बरं बाबा, आमचंच चुकलं.

याच भागात आर्या स्टार्क ही पोरगी नाइट किंगला, म्हणजे उत्तरेच्या बर्फातून मढ्यांची फौज घेऊन येणाऱ्या राजाला, मारते. त्या दिवसापासून जो तो आर्याच्या नावाने बोटं मोडतोय. त्याला मालिकेचा नायक जॉन स्नोने मारायला हवं होतं, ही कालची पोर कुठून आली वगैरे. मला आर्याचा राग कधीच आला नाही. तिने सुरा खुपसला तेव्हा तो जवळजवळ मेलेलाच होता. मारला होता लिहिणाऱ्यांनी, आणि तो वारही एका दिवसात झालेला नाही.

आधी तो भीतिदायक का होता ते आठवून बघा. २०१४ मध्ये, चौथ्या सीझनमध्ये, क्रास्टर नावाच्या माणसाचं तान्हं मूल बर्फाच्या चौथऱ्यावर ठेवलेलं असतं. हा येतो, मुलाला उचलून घेतो आणि एका बोटाचं नख गालाला लावतो. अगदी अलगद, आपण झोपलेल्या बाळाला तीट लावावी तसं. बाळाचे डोळे निळे होतात. बास, एवढंच. पुढच्या वर्षी ‘हार्डहोम’ हा भाग. बराच वेळ नुसती कत्तल, आणि मग जॉन होडीतून दूर जात असताना हा धक्क्यावर चालत येतो, दोन्ही हात सावकाश वर करतो आणि नुकतेच मेलेले सगळे डोळे उघडून उभे राहतात. संगीत नाही, डायलॉग नाही. त्या हात वर केलेल्या पोझवर आपण सगळ्यांनी मीम फिरवले, मीही फिरवले. पण पहिल्यांदा बघताना माझ्या हातातला डबा हातातच राहिला होता.

माझं आजोळ सावंतवाडीकडचं. तिकडे भुतांचा राजा म्हणजे वेताळ. आजी सांगायची, रात्री त्याची फौज निघते, मशाली दिसतात, वाटेत उभं राहू नये. पण आजीच्या वेताळाशी बोलता येतं. गाऱ्हाणं घालायचं, नारळ ठेवायचा, मानपान सांभाळायचं, की तोच गावाची राखण करतो. आपल्याकडच्या एकूणएक भुताचं काहीतरी राहिलेलं असतं. मुंज्याची सोडमुंज राहिलेली, कुणाचा जीव सोन्यात अडकलेला. काय हवंय ते विचारा, द्या, सुटलात.

नाइट किंगला काय देणार? त्याला सिंहासन नको, जमीन नको, सूडही नको. वाटाघाटीला बसेल असं तोंडच नाही त्याला. पहिल्यापासून शेवटपर्यंत एक शब्द बोलला नाही तो. (पुस्तकांत हा असा नाहीच. तिथे फक्त एका जुन्या सेनापतीची दंतकथा आहे, साधारण याच नावाची. हा मालिकेनेच घडवलेला.) बाकी सगळे सात भाषांत कटकारस्थानं करतायत आणि उत्तरेकडून हा मुका चालत येतोय.

मग लिहिणाऱ्यांना राहवेना. सहाव्या सीझनमध्ये उगम दाखवला: जंगलातल्या आदिम लोकांनी माणसांशी लढायला एका माणसाला झाडाला बांधून त्याच्या छातीत ड्रॅगनग्लास नावाची काळी काच खुपसली, आणि तोच नाइट किंग झाला. थोडक्यात भस्मासुर. तो प्रसंग मला आवडतोच, खोटं कशाला बोलू. पण सातव्या सीझनमध्ये नियम आला की एक व्हाइट वॉकर (याच्या फौजेतला बर्फाळ सरदार) मेला की त्याने उठवलेली मढीही कोसळतात. दादा तिथेच म्हणाला, “संपलं. आता याचा मेन स्विच शोधणार.” आठव्यात शेवटचं कारण चिकटवलं: याला आर्याचा भाऊ ब्रॅन हवाय, कारण ब्रॅन म्हणजे जगाची आठवण आणि याला जगच पुसायचंय. ऐकायला भारी. पण झालं काय, की यालाही काहीतरी हवंय म्हटल्यावर त्याला आमिष दाखवता आलं. ब्रॅनला झाडाखाली बसवलं आणि हा आला. म्हणजे शेवटी नारळच ठेवला की!

पहिल्या सीझनमध्ये म्हातारी नॅन सांगते ती लांब रात्र पिढीभर चालली होती. आमची आईने पोहे करेपर्यंत आटोपली. त्यानंतर तीन भाग शिल्लक होते, आणि त्यांत सगळे खुर्चीवरून भांडले, जणू उत्तरेकडून कधी कोणी आलंच नव्हतं.

व्लादिमिर फुर्दिकला मात्र मानलं. स्लोव्हाकियाचा स्टंटमन, सहाव्या सीझनपासून तोच नाइट किंग (आधी रिचर्ड ब्रेक होता). चेहऱ्यावर रबराचा थर आणि संवाद शून्य, सगळं चालण्यात आणि मान वळवण्यात. ड्रॅगनच्या आगीतून बाहेर येऊन तो ओठांच्या कोपऱ्यात जेमतेम हसतो ना, त्यात अख्ख्या सीझनपेक्षा जास्त अभिनय आहे.

आणि शेवटच्या प्रसंगाबद्दल तक्रार करायची म्हटली तरी माझी जीभ रेटत नाही. ब्रॅनची राखण करणाऱ्या, भाला घेऊन धावत आलेल्या थिऑनला तो सहज संपवतो, जसं कोणी वाटेतली फांदी बाजूला करतं. मग झाडाखालच्या ब्रॅनसमोर येऊन उभा राहतो. तशाच एका झाडाला बांधून याला घडवलं होतं. दोघं एकमेकांकडे बघत राहतात. कोणालाच घाई नाही. मग त्याचा हात सावकाश खांद्यामागे तलवारीकडे जायला लागतो, आणि मागे उभ्या असलेल्या एका व्हाइट वॉकरचे केस वाऱ्याने किंचित हलतात.

पुन्हा बघते तेव्हा मी तिथेच पॉज करते.