बुर्साचा थोरला

सप्टेंबर 2025 मध्ये समरकंदच्या ग्रँड स्विस या बुद्धिबळ स्पर्धेत जगज्जेता गुकेश लागोपाठ तीन डाव हरला. पाचव्या फेरीत अमेरिकेच्या अभिमन्यू मिश्राशी, सहाव्यात ग्रीसच्या निकोलस थिओडोरूशी आणि सातव्यात तुर्कीच्या एदिझ ग्युरेलशी. आपल्याकडे चर्चा कसली, तर जगज्जेतेपदाचं ओझं झालं का, पोरगं थकलंय का. आठव्या फेरीत नागपूरच्या दिव्या देशमुखने त्याला बरोबरीत रोखलं आणि सगळे तिकडे वळले. ते बरोबरच होतं म्हणा. पण त्याला हरवणाऱ्या त्या तुर्की पोराची साधी विचारपूस कुणी केली नाही.

एदिझचा जन्म 30 डिसेंबर 2008 चा, बुर्सा शहरातला. चौदाव्या वर्षी ग्रँडमास्टर. एवढ्यावर एखाद्या देशाने त्याला डोक्यावर घेतलं असतं. पण नशीब बघा, त्याच बुर्सात 2011 मध्ये याइझ कान एर्दोमुश जन्मला आणि 2024 मध्ये, 12 वर्षे 9 महिने 29 दिवसांचा असताना, ग्रँडमास्टर होऊन मोकळा झाला. जगात तोवर त्याहून लहान वयात फक्त तिघांना जमलं होतं. तेव्हापासून तुर्की बुद्धिबळ म्हटलं की सगळे कॅमेरे याइझकडे.

बरं, गुकेशला हरवूनही एदिझच्या पदरात विक्रम नाहीच. विद्यमान जगज्जेत्याला क्लासिकल, म्हणजे दीर्घ वेळेच्या, डावात हरवणारा सर्वांत लहान खेळाडू म्हणून गाजला तो मिश्रा. त्याची जन्मतारीख 5 फेब्रुवारी 2009. म्हणजे एदिझ जेमतेम सव्वा महिन्याने मोठा, आणि जिंकला दोन फेऱ्या उशिरा!

तुर्कीबद्दल मला कौतुक वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. एक काळ असा होता की तिथला संघ मजबूत करायला खेळाडू बाहेरून येत. बेल्जियमकडून खेळणारा मिखाईल गुरेविच आला, सर्बियाचा ड्रागान शोलाक आला, युक्रेनचा अलेक्झांडर इपातोव्ह आला. इपातोव्हने तर 2012 ची ज्युनियर विश्वविजेतेपद स्पर्धा तुर्कीच्या झेंड्याखाली जिंकली. पण त्याच काळात दुसरं कामही चालू होतं. 2005 पासून तिथल्या इश बँकेने बुद्धिबळ फेडरेशनला पैसा पुरवायला सुरुवात केली, शाळांत बुद्धिबळ ऐच्छिक विषय झाला, वर्गावर्गांत पट पोचले. ही दोन्ही पोरं त्यानंतर जन्मलेली. शाळेत विषय आहे म्हणून ग्रँडमास्टर होत नाही हे मलाही कळतं, पण एकाच शहरातून अडीच वर्षांच्या अंतराने असे दोघे निघतात तेव्हा तो निव्वळ योगायोग मानायला मी तयार नाही. आपल्याकडे अजूनही आईबाप रजा टाकून, पदरमोड करून पोरांना स्पर्धांना नेतात. शाळेचा हातभार कौतुकाच्या फलकापुरता.

आता सर्वांत लहान वयाच्या ग्रँडमास्टरांच्या त्या वर्षे-महिने-दिवसांच्या यादीबद्दल. ग्रँडमास्टर व्हायला तीन नॉर्म, म्हणजे एकेका स्पर्धेत ठरावीक दर्जाची कामगिरी, लागतात आणि 2500 रेटिंग. नॉर्म मिळायला योग्य ताकदीचे, वेगवेगळ्या देशांचे प्रतिस्पर्धी असलेली स्पर्धा लागते. मिश्राने 2021 मध्ये त्यासाठी बुडापेस्टला महिनोन्‌महिने मुक्काम ठोकला होता. त्याच्या खेळाला नावं ठेवत नाही, समरकंदला त्याने उत्तर दिलंच आहे. पण ती तारीख गाठण्यात प्रतिभेइतकाच विमानाच्या तिकिटांचा आणि सवड असलेल्या पालकांचाही हात असतो. सर्वांत लहान ग्रँडमास्टरचा सर्गेई करजाकिनचा विक्रम गुकेशच्या हातून 17 दिवसांनी हुकला होता. पुढे सिंगापूरला 2024 मध्ये तो जगज्जेता झाला तेव्हा त्या 17 दिवसांनी त्याचं काय अडलं?

तरीही परवा एका ग्रुपवर कुणीतरी विचारलंच, 'माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे, उशीर झाला का हो?' खाली सल्ल्यांचा पाऊस. कुठला क्लास, कुठला कोच, कुठल्या देशात नॉर्म लवकर मिळतो. मुलाला कुठल्या प्रकारचे डाव आवडतात, हे त्या सबंध धाग्यात एकानेही विचारलं नव्हतं.