भंगाराला हद्द नसते, कचऱ्याला असते

मुलुंड पूर्वेच्या आमच्या कट्ट्यावर गेल्या रविवारी वादाला तोंड फुटले ते काकांमुळे. काका बँकेतून निवृत्त झालेले, हिशेबाला पक्के आणि मुंबईच्या हद्दीबाहेर सगळे मोकळे माळरानच पसरले आहे, अशी मनोमन खात्री असलेले. मुलुंडची क्षेपणभूमी, म्हणजे कचरा टाकण्याची जागा, 2018 मध्ये बंद झाली, देवनारला 1927 पासून साचत आलेले डोंगर अजून उभे आहेत आणि शहरात रोज निघणाऱ्या साधारण साडेसहा हजार टन कचऱ्यापैकी बहुतेक भार एकट्या कांजूरमार्गवर आहे, अशी उजळणी करून ते म्हणाले, "कांजूरमार्गचेही काही खरे नाही. मे 2025 मध्ये उच्च न्यायालयाने ती जागा संरक्षित वन ठरवली. सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती मिळाली म्हणून गाड्या चालू आहेत. तेव्हा सर्व महापालिकांनी मिळून पलीकडे कोठेतरी एकच मोठी क्षेपणभूमी करावी आणि खर्च वाटून घ्यावा."

"काका, तुमचे 'पलीकडे कोठेतरी' म्हणजे माझ्या घराची मागची बाजू," बदलापूरकर म्हणाला. हा आमच्याच शाळेतला. मुलुंडमध्ये घर परवडेना म्हणून बदलापूरला गेला आणि दर रविवारी कट्ट्यासाठी लोकलने येतो. त्यामुळे त्याला दोन्ही बाजूंनी बोलण्याचा अधिकार आहे आणि तो वापरण्यात तो कसूर करत नाही.

वकिलाने काकांची बाजू उचलली, पण अर्धीच. घनकचरा व्यवस्थापनाच्या 2016 च्या नियमांत नगरविकास विभागावर अशी जबाबदारी टाकली होती की, प्रादेशिक केंद्रापासून सुमारे 50 किलोमीटरच्या टापूतील शहरांसाठी, खर्चाच्या वाटणीवर, सामाईक क्षेपणभूमी उभी राहील हे पाहावे. "म्हणजे कल्पना काकांची नाही, सरकारचीच आहे," तो म्हणाला. "अडचण अशी की, चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने घनकचरा हा विषय नगरपालिकांच्या यादीत घातला. मुंबई महानगर प्रदेशात नऊ महापालिका आहेत आणि त्यांशिवाय नगरपरिषदा वेगळ्या. मुंबईचा कायदा 1888 चा, इतर महापालिकांचा 1949 चा, नगरपरिषदांचा 1965 चा. प्रत्येकीचे अंदाजपत्रक वेगळे, निविदा वेगळी, निवडणूक वेगळी. एकत्र या असे सांगणे सोपे आहे. एकत्र आल्यावर कोणी कोणाचे ऐकायचे, हा खरा प्रश्न आहे आणि तो कोणी हाती घेत नाही."

"म्हणून तर वरचे प्राधिकरण हवे," काका म्हणाले. त्यावर वकिलाने तळोज्याचे उदाहरण दिले. एमएमआरडीएने, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने, तेथे प्रादेशिक क्षेपणभूमी योजली आणि गावकऱ्यांनी तिला कडाडून विरोध केला. अंबरनाथ, बदलापूर आणि उल्हासनगर यांचा संयुक्त प्रकल्प बदलापूरजवळ वालिवलीला आखला गेला, तर तेथेही रहिवासी विरोधात उभे राहिले. पुण्याच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या ग्रामस्थांनी कचऱ्याच्या गाड्या कितीदा अडवल्या, हे तर वर्तमानपत्र वाचणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

"विरोध तर होतोच," काका म्हणाले. "लोकांना आपल्या दारात काहीच नको असते."

बदलापूरकर यावर खरोखर चिडला. "आपल्या दारात नको असे म्हणणारे तुम्ही मुलुंडकर! येथली क्षेपणभूमी बंद व्हावी म्हणून तुम्हीच सह्या गोळा करत होतात, काका. तेव्हा तो नागरिकांचा लढा होता आणि आम्ही तेच केले की आडमुठेपणा होतो." काकांनी यावर चहा मागवला. आमच्या कट्ट्यावर याचा अर्थ मुद्दा मान्य झाला असा घेतात.

आतापर्यंत गप्प बसलेला शेठ मग बोलू लागला. शेठचा भांडुपला पिढीजात भंगाराचा धंदा आहे आणि कचऱ्यावरच्या चर्चेत त्याला कोणी काही विचारत नाही, हे एक नवलच आहे. तो म्हणाला, "तुम्ही जे सहकार्य शोधता आहात, ते माझ्या वखारीत रोज चालते. पुठ्ठा गुजरातेत वापीच्या कागद गिरण्यांकडे जातो. धारावीच्या तेराव्या कंपाउंडमध्ये कोठकोठल्या शहरांचे प्लास्टिक येऊन निवडले जाते. ठाण्याची बाटली मुंबईत का आली, म्हणून आजवर कोणी मोर्चा काढला आहे का? निवडलेल्या मालाला हद्द नसते. जो माल कोणी निवडला नाही, त्यालाच तुम्ही कचरा म्हणता आणि तोच हद्दीपाशी अडतो."

मला हा त्या दिवसातला सर्वांत मोलाचा मुद्दा वाटला, म्हणून त्यावर थोडे रेंगाळतो. आपल्या घरच्या कचऱ्यात निम्म्याहून अधिक भाग ओला असतो. तो सुक्यात मिसळला की पुठ्ठा भिजतो, प्लास्टिक माखते, दोहोंची किंमत जाते आणि उरलेला लगदा कॉम्पॅक्टरमध्ये दाबून आपण शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाहून नेतो. त्या वजनातला मोठा हिस्सा निव्वळ पाण्याचा असतो आणि वाहतुकीचे पैसे टनावर मोजले जातात, म्हणजे पाण्याचेही भाडे करदाताच भरतो. ओल्या कचऱ्यासाठी शेजारच्या शहराची गरजच नाही. तो जितका जवळ जिरेल तितका बरा. याउलट कोणाच्याच उपयोगी न पडणारे, पण जळू शकणारे चिंध्या-वेष्टनांसारखे जिन्नस एका लहान नगरपरिषदेला एकटीने विकता येत नाहीत. त्यांचे आरडीएफ, म्हणजे कारखान्याच्या भट्टीत कोळशाच्या जोडीला जाळायचे इंधन होते. असे इंधन बनवणाऱ्या केंद्रापासून 100 किलोमीटरच्या आतील कारखान्यांनी आपल्या इंधनापैकी किमान 5 टक्के यातून भागवावे, असे 2016 चा नियम सांगत होता. परंतु कारखानदाराला रोज ठरलेल्या प्रतीचा आणि पुरेसा माल लागतो. तो चार-पाच शहरांनी मिळूनच पुरवता येईल. महापालिकांनी हातमिळवणी करायची ती येथे, म्हणजे निवडीच्या आणि विक्रीच्या टप्प्यावर. आपण मात्र सहकार्याची सुरुवात खड्ड्यापासून करतो, जो खरे तर शेवटचा टप्पा आहे.

"खड्डा तरीही लागेलच," काकांनी हट्ट सोडला नाही, आणि त्यात ते चूक नव्हते. त्याच नियमांनुसार क्षेपणभूमीत फक्त असे अवशेष जायला हवे होते, जे ना वापरता येतात, ना कुजतात, ना जळतात. पण एवढे अवशेष ठेवायलाही कोणाची तरी जमीन लागतेच.

येथे वकिलाने टोकियो काढले. तेथे 1971 मध्ये राज्यपाल र्‍योकिची मिनोबे यांनी कचऱ्याविरुद्ध युद्धच पुकारले होते. किनाऱ्यावरच्या कोतो प्रभागाने वर्षानुवर्षे इतर प्रभागांचा कचरा सोसला होता. सुगिनामी प्रभागातील लोक आपल्या भागात भस्मीकरण केंद्र होऊ देत नाहीत हे पाहून 1973 मध्ये कोतोने सुगिनामीच्या गाड्या अडवल्या. आपल्या प्रभागाच्या कचऱ्याचा भार आपण उचलावा, हे तत्त्व त्या भांडणातून रुजले आणि सुगिनामीला पुढे केंद्र उभारू द्यावे लागले. 2000 पासून तेथे कामाची वाटणी अशी आहे की, कचरा प्रत्येक प्रभाग गोळा करतो, भस्मीकरण केंद्रे 23 प्रभागांची संयुक्त संस्था चालवते आणि शेवटी उरलेल्या राखेची जागा महानगर प्रशासन सांभाळते.

"म्हणजे अडवणारा आडमुठा नव्हता," बदलापूरकर समाधानाने म्हणाला. "त्याने अडवले म्हणून तर वाटणी झाली."

टोकियोची घडी उचलून येथे ठेवता येईल असे मला वाटत नाही. ओल्या कचऱ्याने भरलेल्या आपल्या गाड्या भट्टीत नीट जळणारही नाहीत. पण तेथे यजमान प्रभाग संयुक्त संस्थेचा सभासद असतो. आपल्याकडे ज्या गावाची जमीन घ्यायची, ते बहुधा ग्रामपंचायतीचे असते, योजना आखतात महापालिका आणि गावाला कळते ते मोजणीवाले आल्यावर. खर्चाच्या वाटणीविषयी आपण बोलतो. निर्णयाच्या वाटणीचा शब्द कोणी काढत नाही.

अखेर काकांनी, बँकेची सवय म्हणून असेल, बदलापूरकरालाच अटी सांगायला लावल्या. पहिली अट त्याने वजनकाट्याची घातली: काटा यजमान गावाच्या ताब्यात राहील आणि रोजची नोंद फलकावर लागेल. काकांनी ती तत्काळ मान्य केली. दुसरी अट अशी की, प्रत्येक टनामागे ठरलेली रक्कम, वाहतूक आणि प्रक्रियेच्या खर्चाव्यतिरिक्त, थेट त्या गावाच्या खात्यात जमा व्हावी आणि दरवर्षी तिचा दर वाढत जावा, म्हणजे पाठवणाऱ्या शहराला कचरा घटवण्याची निकड राहील. दराच्या वाढीवर काकांनी थोडी घासाघीस केली, पण तीही स्वीकारली.

"आणि तिसरी," बदलापूरकर उठता उठता म्हणाला, कारण त्याची कर्जत लोकल ठाण्याहून होती, "गाडीत ओला-सुका एकत्र सापडला तर ती जशीच्या तशी परत पाठवण्याचा अधिकार गावाला."

"मुंबईची गाडी परत?" काका म्हणाले. "अरे, मग ती न्यायची कोठे?"

"जेथून आली तेथे. येथेच, मुलुंडला."

काकांनी पुन्हा चहा मागवला, पण या वेळी शेठ म्हणाला की, हा होकार धरायचा नाही.