‘सगळं नॉर्मल’ म्हणालात, मग अण्णांना अटॅक कसा आला? लॅबकडून उत्तर

नमस्कार दादा,

एक स्टार दिलात, त्याबद्दल वाद नाही. तुमचं म्हणणं असं की आमच्या रिपोर्टात अण्णांचं कोलेस्टेरॉल १८८ होतं, काउंटरवर ‘सगळं नॉर्मल’ सांगितलं आणि तीन आठवड्यांत अटॅक येऊन स्टेंट टाकावा लागला. एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, आमच्याकडे ९६, आठ दिवसांनी सोलापूरला ११८, हॉस्पिटलात चौथ्या दिवशी ७४. तीन लॅब, तीन आकडे, म्हणून आम्ही बोगस. रिपोर्टचा फोटो तुम्हीच टाकलाय म्हणून त्यावर बोलतो, एरवी पेशंटचे आकडे चारचौघांत काढले नसते.

काउंटरवरच्या पोरानं ‘नॉर्मल’ म्हणायलाच नको होतं. त्यानं पहिली ओळ बघितली, दोनशेच्या आत दिसली, बोलून गेला. पण खरी चूक माझी. त्याच फोटोत खाली बघा, एचडीएल, म्हणजे ‘चांगलं’ कोलेस्टेरॉल, ३० आणि ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, ३१०. आता १८८ मधून ३० वजा करा. १५८ उरतात. हे नॉन-एचडीएल, म्हणजे रक्तवाहिनीच्या भिंतीत शिरून साचू शकणारं सगळं कोलेस्टेरॉल. साधारण माणसाचं ते १३० च्या आत हवं, अण्णांसारख्या शुगरच्या पेशंटचं १०० च्या आत. चौथीतल्या लेकराला जमेल अशी वजाबाकी, आणि ती ओळ आमच्या रिपोर्टात छापलेलीच नव्हती.

राहिलं ९६ आणि ११८. आम्ही एलडीएल मोजलं नव्हतं, हिशेबानं काढलं होतं. फ्राइडेवाल्डचं १९७२ सालचं सूत्र आहे, एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करायचं आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भागही वजा करायचा. ३१० चा पाचवा भाग ६२, म्हणून ९६. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं की हे सूत्र वापरायचंच नसतं, पण त्याच्या बरंच आधीपासून ते एलडीएल कमी दाखवू लागतं. सोलापूरवाल्यांनी थेट मोजलं. आमच्या रजिस्टरात अण्णांच्या नंबरासमोर टेक्निशियननं ‘सीरम गढूळ’ लिहिलंय. सीरम म्हणजे गोठलेल्या रक्तातून वेगळा होणारा पातळ भाग. सेंट्रिफ्यूजमधून नळी काढली की वरचं सीरम करडईच्या तेलासारखं पिवळं, आरपार दिसायला हवं. अण्णांचं पाण्यात चमचाभर ताक ढवळल्यासारखं होतं, ट्रायग्लिसराइड वाढलं की असं होतं. ही नोंद रजिस्टरातच राहिली, तुमच्या हातात आली नाही.

हॉस्पिटलातला ७४ मात्र फसवा आहे. अटॅकनंतर एक-दोन दिवसांत कोलेस्टेरॉल आपोआप उतरतं आणि काही आठवडे खालीच राहतं. शिवाय तिथं स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी, लगेच सुरू करतात. त्या आकड्यावर विसंबून, डॉक्टरांना न विचारता गोळी बंद करू नका, पाया पडतो.

‘अण्णा माळकरी, अंड्याला कधी शिवले नाहीत’ असंही लिहिलंय तुम्ही. दादा, शरीरातलं बरंचसं कोलेस्टेरॉल शरीर स्वतःच बनवतं, लिव्हर त्यात पुढं. आणि ट्रायग्लिसराइड चढायला मटण लागत नाही. शुगर, सुटलेलं पोट आणि दिवसभराचा गोडमिट्ट चहा पुरतो. एलडीएल बेताचं, एचडीएल खाली, ट्रायग्लिसराइड वर, असे रिपोर्ट मी लातुरात रोज सही करतो.

एक गोष्ट कबूल करणार नाही. रिपोर्ट नीट असता तर अटॅक टळलाच असता, असं कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. ब्लॉकेज वर्षानुवर्षं साचत आलेलं असतं, तीन आठवड्यांत ते निवळत नाही. पण तो रिपोर्ट डॉक्टरांना दाखवला का, हे विचारायला मला तोंड नाही. ‘नॉर्मल’ ऐकल्यावर कोण दाखवतं?

सोमवारपासून नॉन-एचडीएलची ओळ ठळक छापतोय. ट्रायग्लिसराइड २०० च्या वर असेल तर एलडीएल थेट मोजतो, जादा पैसे न घेता. सीरम गढूळ असेल तर रिपोर्टावर तसं लिहितो. काउंटरवर आता ‘डॉक्टरांना दाखवा’ एवढंच सांगतात.

तुम्ही स्वतः लायपोप्रोटीन-ए, म्हणजे एलडीएलसारखाच रक्तातला एक कोलेस्टेरॉलवाहू कण, एकदा तपासून घ्या. ते बहुतांशी आई-वडिलांकडूनच येतं, आयुष्यात एकदा केलं तरी चालतं. आमच्याकडे होत नाही, त्यामुळे धंद्यासाठी सांगतोय असं वाटायला नको. अण्णांच्या तपासणीचे पैसे काउंटरवर काढून ठेवलेत. रजिस्टरही बघायचं असेल तर संध्याकाळी पाचनंतर या, मी असतो. रविवारी बंद.