तुझा स्वतःचा मुलगा का उशिरा बोलला?

आज नात्यातल्या एका काकूंचा फोन आला होता. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाल्या, "शाळेत लोकांच्या मुलांना बोलायला शिकवतेस आणि तुझा मुलगा अडीच वर्षांचा होईस्तोवर गप्प! दिव्याखाली अंधारच की गं." आणि हसल्या. शेजारी सासूबाई होत्या म्हणून मीही हसले. फोन ठेवल्यापासून डोकं फिरलंय ते अजून ताळ्यावर नाही.

हाडांच्या डॉक्टरांचा मुलगा सायकलवरून पडला तर त्यांना कुणी असं विचारतं का? मग स्पीच थेरपिस्टच्या मुलानं पाळण्यातूनच भाषण ठोकायला हवं, असं का वाटतं लोकांना?

मी या कामात कशी आले ते जवळच्यांना माहीत आहे. दादामुळे. तो तोतरा बोलतो, लहानपणापासून. शाळेत नवीन बाईंनी नाव विचारलं तेव्हा त्याला स्वतःचं नाव उच्चारता येईना, म्हणून जे तोंडातून सहज निघालं ते दुसरंच नाव त्यानं सांगितलं. पुढे किती तरी दिवस बाई त्याला त्याच नावानं हाक मारत आणि तो "हजर" म्हणत असे. उघडकीस आलं तेव्हा आईला शाळेत बोलावलं, "तुमचा मुलगा खोटं बोलतो" म्हणून. घरी आल्यावर आजीनं आईलाच धरलं: तूच फार धाकात ठेवतेस पोराला.

तोतरं बोलणाऱ्यांचं स्वतःच्या नावावरच अडणं किती नेहमीचं आहे, हे मला शिकताना कळलं. नावाला पर्यायी शब्द नसतो ना! दादानं तोही शोधला होता, आणि त्याला खोटारडा म्हटलं गेलं.

आईला दोष देण्याची ही खोड फक्त आजीची नव्हती. आमच्या क्षेत्रातले एक मोठे नाव, अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातले वेंडेल जॉन्सन, स्वतः तोतरे बोलत. त्यांचं म्हणणं असं की मुलाच्या साध्या अडखळण्याला पालक दोष समजतात, टोकतात, आणि त्यातूनच तोतरेपणा जडतो. १९३९ साली त्यांच्या देखरेखीखाली अनाथाश्रमातल्या काही नीट बोलणाऱ्या मुलांना "तुम्ही तोतरे आहात" असं सांगण्याचा प्रयोग झाला. त्यातली काही मुलं बोलायलाच कचरू लागली. आयोवा विद्यापीठानं माफी मागितली ती २००१ साली! स्वतः भोगलेला माणूससुद्धा शेवटी आईबापांकडेच बोट दाखवतो, तर काकूंचं काय घेऊन बसलात.

आज आपल्याला माहीत आहे की तोतरेपणा घराण्यात चालतो. शंभरातली साधारण पाच मुलं कधी ना कधी तोतरी बोलतात, बहुतेकांचं आपोआप सुटतं, आणि मोठेपणी उरतो तो शंभरात सुमारे एक. दादा त्या एकातला. आईच्या धाकाचा यात काडीचा संबंध नाही. आई मात्र आजही मधूनच म्हणते, "मी तेव्हा जरा कमी रागवायला हवं होतं." सांगून सांगून थकले.

उशिरा बोलणंही बरेचदा घरातूनच येतं. दोन वर्षांच्या मुलाकडे पन्नासेक शब्द आणि दोन शब्द जोडणं अपेक्षित असतं. माझ्या मुलाकडे नव्हतं. मी आधी त्याचे कान तपासून घेतले, मग काम सुरू केलं. "घरात दोन भाषा बोलता म्हणून गोंधळला" हेही ऐकून झालं. दोन भाषांनी कुणी मुकं होत नाही हो!

बरं, पालकांच्या हातात काहीच नसतं असं नाही. मुलाशी बोलावं, त्याच्या उत्तराची वाट बघावी, फोन बाजूला ठेवावा, शंका आली तर "होईल आपोआप" म्हणत बसू नये. मान्य. पण मदत करणं वेगळं आणि गुन्हेगार ठरवणं वेगळं.

आणि शाळेत मी काय करते, तर म्हणे मुलांशी खेळते. तीस मुलांच्या वर्गात दोन तरी अशी असतात ज्यांना भाषाच नीट उमगत नाही. ती दंगा करत नाहीत, गप्प बसतात, आणि आळशी ठरतात. त्यांना शोधायचं, मग त्यांच्या आईला समोर बसवून पहिलं वाक्य सांगायचं की तुमचं काही चुकलेलं नाही. ते ऐकून काही बायका रडतात. तेव्हा मला दर वेळी शाळेतून खाली मान घालून परत आलेली माझी आई दिसते.

घरी येईपर्यंत माझ्याकडचं बोलणं संपलेलं असतं. नवऱ्याला ठाऊक आहे, तो अर्धा तास काही विचारत नाही. लेक मात्र आता दारातच सुरू होतो आणि झोपेपर्यंत थांबत नाही. दादाशी त्याचं विशेष जमतं. दादा अडला तरी हा शब्द पुरवत नाही, नुसता बघत उभा राहतो. हे मी शिकवलेलं नाही.

आता राग जरा उतरलाय. काकू वाईट नाहीत, वेळेला धावून येतात, तेही खरं.

पोस्ट टाकण्याआधी दादाला वाचायला पाठवली. म्हणाला, टाक, फक्त ते खोटं नाव लिहू नकोस, ऑफिसात चिडवतील.