दिवाळीनंतर कपाटं उपसू नका, वाकळ शिवायला घ्या

फराळाचे डबे रिकामे झाले की आपल्याकडे घरोघरी एकच बेत ठरतो, आता एकदा सगळं घर लावून काढायचं. माझ्या मते हा बेत चुकतो. घट बसायच्या आधी घरातलं झाडून सगळं अंथरूण-पांघरूण धुऊन झालेलं असतं. दिवाळीच्या तोंडावर जळमटं निघालेली असतात. मग बिघडलेलं असतं काय, तर दिवसाचं वेळापत्रक. जेवणं उशिरा, झोप उशिरा, दुपारचा ओटा संध्याकाळपर्यंत तसाच. कपाटं उपसली की त्यात पसाऱ्याची भर पडते आणि दोन दिवसांनी कंबर धरते. त्यापेक्षा रोज ठरलेल्या वेळी करायचं एक छोटं हातकाम लावून घ्या. त्यासाठी वाकळेसारखं, म्हणजे जुन्या साडीचे थर हाताने शिवून केलेल्या गोधडीसारखं, दुसरं काम नाही.

क्रोशा मध्येच सोडला तर घरं मोजायला परत पहिल्यापासून. रंगकामाला मांडामांड आणि आवराआवर यातच तास जातो. वाकळेची ओळ संपली की सुई कापडात टोचून ठेवायची. कुकरची शिट्टी होवो, दारात कोणी येवो, पोरं शाळेतून येवोत, कामाचं काही बिघडत नाही. फक्त वेळ एकच धरा. दुपारची जेवणं झाली, ओटा पुसला, हात धुऊन कोरडे केले की दोन ओळी. ओटा पुसल्याशिवाय सुईला हात लावायचा नाही एवढं पाळा, आठवड्याभरात ओटा वेळेवर पुसला जायला लागतो. शिवाय तेव्हा उजेड चांगला असतो. उजव्या हाताने शिवणाऱ्याने उजेड डाव्या खांद्यावरून येईल असं बसावं, म्हणजे हाताची सावली टाक्यावर पडत नाही. दिवेलागणीला सुई धरू नये असं जुनी माणसं सांगतात. त्या उजेडात टाका खरोखरच वाकडा जातो.

पहिली वाकळ मोठी घेऊ नका. एक सुती सहावारी साडी पुरे. सहा वार म्हणजे १८ फूट. चार घड्या घातल्या की ४.५ फूट लांबीचे चार पदर, म्हणजे थर, होतात, रुंदी साडीच्या पन्ह्याची, साधारण ४५ इंच. पोराच्या अंगावर घ्यायला नेमकी चौघडी. कात्री लावायची गरज नाही, कारण लांब बाजूंना साडीची किनार असते, ती उसवत नाही, आणि आडव्या बाजूंना घड्या येतात. साडीची दोन टोकं तेवढी इंचभर आत दुमडून घ्या. नऊवारी लुगडं असेल तर २७ फुटांच्या चार घड्या म्हणजे पावणेसात फूट, मोठ्या माणसाला खाली अंथरायला पुरतं.

एक अडचण आधीच सांगते. काठ जरीचा किंवा जाड विणीचा असेल तर चार काठ एकमेकांवर येतात आणि सुई आत जात नाही. जोर केला की नेढ्यापाशी मोडते. असा काठ आधीच कापून बाजूला ठेवा, शेवटी गोट, म्हणजे कडेची पट्टी, लावायला तोच उपयोगी पडतो. मग मात्र कापलेली बाजू उसवते, तिला गोट लागतोच.

कापड सुतीच हवं. सिंथेटिक साडी सुईखाली घसरते, घाम शोषत नाही, आणि तिची वाकळ कितीही निगुतीने शिवली तरी अंगावरून सरकत राहते. जुनं कापड उजेडासमोर धरा आणि दोन्ही अंगठ्यांनी हलकं ताणून बघा. सूत विरळ होऊन वेगळं होत असेल तर तो भाग आतल्या पदरात जाऊ दे. निऱ्यांचा खालचा भाग आधी विरतो, तो हमखास तपासा. भरीला मांजरपाट, म्हणजे जाडंभरडं कोरं सुती कापड, घ्यायचं असेल, आणि आपल्या कोल्हापूरला कापडाची इचलकरंजी एवढ्या जवळ असताना ते मिळायला अडचण नाही, तर एक रात्र पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून मगच वापरा. कोरं कापड पहिल्या धुण्यात आटतं, जुनी साडी आटून आटून थांबलेली असते. दोन्ही तशीच एकत्र शिवली तर पहिल्या धुण्यालाच जुनं कापड चुण्या घालून उभं राहतं, आणि ते परत सरळ होत नाही.

लाल, काळा, गडद निळा रंग असेल तर पांढरी ओली चिंधी त्यावर ठेवून गरम इस्त्री दाबा. चिंधीला रंग लागला तर ती साडी पांढऱ्या कापडाशेजारी नको. मिठाच्या पाण्यात बुडवून रंग पक्का होतो यावर विसंबू नका, सुटणारा रंग मिठाने थांबत नाही. हळदीच्या डागाची मात्र काळजी नको, दोन-तीन दिवस कडक उन्हात टाकला की फिका पडतो.

आता वाकळेचं खरं बरं-वाईट जिथे ठरतं ते काम, पदर बसवण्याचं. बरेच जण ते घाईत उरकतात. फरशी ओल्या फडक्याने पुसून कोरडी करा. साडी अंथरा, दोघांनी चार कोपरे धरून हलकं ताणा, तळव्याने मधून कडेकडे हात फिरवा. प्रत्येक पदरानंतर हेच. मग कच्चा टाका घाला, वीतभर अंतरावर उभ्या-आडव्या ओळी, जाळीसारख्या. कच्च्या टाक्याला वेगळ्या रंगाचा दोरा घ्या, शेवटी काढताना शोधत बसावं लागत नाही. याला दोन दुपारी लागतात आणि त्या लागू द्या. कच्चा टाका चुकवला तर आतला पदर सरकून गोळा होतो, वरून काही कळत नाही, आणि निम्मं शिवून झाल्यावर हाताला गाठोडं लागतं. तेव्हा उसवण्याशिवाय इलाज नसतो.

दोरा सुतीच घ्या. पॉलिस्टरचा दोरा जुन्या कापडापेक्षा चिवट असतो. वाकळ ओढली गेली की दोरा तुटायच्या ऐवजी कापड कापलं जातं. तुटलेला दोरा पाच मिनिटांत पुन्हा भरता येतो, कापलेल्या कापडाला ठिगळच लागतं. दोरा दीड हातापेक्षा लांब घेऊ नका, लांब दोऱ्याला पीळ पडतो, गाठी होतात आणि घासून तो मध्येच झिजतो. मेणाच्या तुकड्यावरून एकदा ओढून घेतला की सुरळीत चालतो. सुई लांब आणि मोठ्या नेढ्याची, मधल्या बोटात अंगुस्ताना, म्हणजे सुई ढकलायची धातूची टोपी. अंगुस्तान्याशिवाय चार पदर शिवले तर चौथ्या दिवशी बोटाला सुई लावणंच नको होतं, आणि काम तिथंच अडकतं.

टाका साधा धावदोराच. सुईचं टोक खाली जातं तेव्हा डाव्या हाताचं बोट खालून ते चाचपतं. टोक बोटाला जेमतेम जाणवलं की चौथा पदर पकडला गेला, तिथूनच सुई वर वळवायची. असे चार-पाच टाके सुईवर भरले की दोरा ओढायचा, आणि ओढून झाल्यावर ओळीवरून अंगठा फिरवायचा, म्हणजे कापड पुन्हा मोकळं होतं. हा अंगठा फिरवायचा राहिला तर ओळ आखडते. शेजारची ओळ सैल, ही आखडलेली, आणि वाकळ पत्र्यासारखी लाटालाटांची होते. टाका आजऱ्याच्या घनसाळ तांदळाच्या दाण्याएवढा, इंचाला तीन. दर ओळीनंतर वाकळ उलटून मागची बाजू बघा. मागे टाका दिसत नसेल तर सुईने तीनच पदर धरलेत. गाठ बाहेर ठेवू नका, दोरा हलका ओढून ती आतल्या पदरात घ्या, नाहीतर झोपताना टोचते.

जुन्या वाकळा कडेने सुरू होऊन गोल गोल आत येत जातात. ती शिलाई दिसायला फार सुंदर असते, पण पहिल्या वाकळेला ती नको. सगळा झोळ आत ढकलला जातो आणि शेवटी मधोमध फुगा उरतो. तुम्ही पहिली ओळ बरोबर मध्यावर घाला, मग एक ओळ डावीकडे, एक उजवीकडे, अशा कडेकडे जा. झोळ बाहेर निघून जातो. दोन ओळींत सव्वा इंच धरलं तर ४५ इंचांत ३६ ओळी बसतात. एका ओळीत दीडशेच्या वर टाके, नवख्या हाताला पंधरा मिनिटं. रोज दोन ओळी म्हणजे १८ दिवस. सगळ्या ओळींची लांबी मिळून जवळपास ५० मीटर होते, पण दोरा पदरांतून वर-खाली जातो आणि टोकं वाया जातात, म्हणून ७० मीटर धरा.

मशीनवर एका दिवसात होईल, मग हाताने का? मशीनचे दाते खालचा पदर पुढे ढकलतात आणि वरचा पाय वरच्या पदराला अडवतो. चार पदरांना हा फरक दर ओळीला साठत जातो, शेवटी कोपरे जुळत नाहीत. आणि मशीनचा टाका घट्ट बसतो, वाकळ ताठ होते, अंगाभोवती पडत नाही. तुकडे जोडायला आणि गोट लावायला मशीन खुशाल वापरा, मधली शिलाई मात्र हाताचीच असावी असा माझा आग्रह आहे.

मध्ये लग्न निघेल, पाहुणे येतील, चार दिवस सुटतील. पाचव्या दिवशी दहा ओळी भरून काढायला बसू नका. घाईच्या ओळी नेहमी आखडतात, पुढे कायम नजरेला खुपतात, आणि बोटं दुखल्याने सहावा दिवसही जातो. त्या दिवशी दोनच ओळी.

गोटाची पट्टी अडीच इंचांची कापा, दोन्ही कडा दुमडून वाकळेच्या कडेवर बसवा. कोपऱ्यावर पट्टी न कापता तिरकी दुमडा, कापलेला कोपरा सगळ्यात आधी उसवतो. मग कच्चे टाके काढा आणि एकदा धुवा. वीस मिनिटं भिजवणं पुरे, पिळू नका, नुसतं दाबून पाणी काढा. पंचगंगेवर किंवा रंकाळ्यावर नेऊ नका, घरीच धुवा, त्या पाण्यावर साबणाचा आणखी भार कशाला. ओली वाकळ जड होते, एकाच दोरीवर टाकली तर मधली ओळ ताणून तुटते. दोन दोऱ्यांवर पसरून टाका आणि तासाभराने उलटवा.

काही वर्षांनी वरचा पदर विरला तर तो काढू नका. त्यावर दुसरी जुनी साडी घाला आणि जुन्या ओळींच्या मधल्या जागेतून नव्या ओळी घाला, जुन्या भोकांतून नको. सहा पदरांपर्यंत हाताची सुई जाते. त्यापुढे ती वाकळ खाली अंथरायला ठेवायची आणि पांघरायला दुसरी साडी काढायची.